गाईच्या बादलीतला पाय

अण्णांचा पाय काळा पडलाय हे आधी अख्ख्या चर्चला कळलं आणि मग मला. आमच्याकडं हे असंच. घरातली गोष्ट घरातल्यांना सगळ्यात शेवटी कळते, त्यात लेक नगरला दिलेली असली की विचारूच नका.

झालं असं, की त्या रविवारी गावात प्रभुभोजन होतं. आमचं गाव तिसगावच्या अलीकडं, चर्च लहानसंच. चपला दाराबाहेर काढायच्या, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, आणि प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घ्यायला रांगेनं पुढं जाऊन गुडघे टेकायचे. गुडघे टेकले की तळपाय मागं बसलेल्या सगळ्यांना दिसतात. एरवी म्हाताऱ्या माणसाचे तळपाय बघायला कोण जातंय? घरात आईसुद्धा बघत नव्हती. पण अण्णा गुडघ्यांवर बसले आणि बायकांच्या बाजूला कुजबूज सुरू झाली. एक तळपाय नेहमीसारखा, भेगाळलेला आणि मातकट. दुसरा बोटांपासून टाचेपर्यंत काळा ठिक्कर.

उपासना संपल्यावर आईनं त्यांना पायरीवर बसवलं आणि पाय हातात घेऊन बघितला. भोवती सगळी मंडळी गोळा झाली. त्यात एक काका होते, शुगरमुळं त्यांचा पाय गुडघ्याखालून काढावा लागला होता. ते कुबडी टेकत जवळ आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "माजाबी सुरवातीला असाच दिसत हुता." माणूस वाईट नाही हो, पण कुठं काय बोलावं याला काही रीत? पाळकांनी तिथंच अण्णांच्या पायासाठी प्रार्थना केली आणि आमेन झाल्या झाल्या आईनं मला फोन लावला.

माझं नगरला ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. लग्नसराई होती, त्यामुळं रविवार असूनही मशीनवर बसले होते. आई फोनवर जास्त बोलली नाही. पाय काळा पडलाय, तू ये, एवढंच. माझ्या हातात कात्री होती ती तशीच कापडात अडकून राहिली.

घाबरायला कारण होतं. अण्णांना शुगर आहे. दिवाळीनंतर त्यांच्या अंगठ्याखाली बाभळीचा काटा मोडला, तो त्यांनी स्वतःच सेफ्टी पिननं कोरून काढला आणि कुणाजवळ ब्र काढला नाही. जखम चिघळून लंगडायला लागले तेव्हा आईला कळलं. मी त्यांना उचलून नगरच्या डॉक्टरांकडं आणलं. डॉक्टरांनी जखम साफ केली, गोळ्या दिल्या, अनवाणी फिरू नका म्हणून बजावलं, आणि अण्णा बाहेर गेल्यावर मला वेगळं थांबवून सांगितलं, की पाय काळा दिसायला लागला तर एक दिवससुद्धा घालवू नका, तसंच उठून या. हे मी आईला सांगितलं होतं, भावजयीला सांगितलं होतं, शेजारणीलाही सांगितलं होतं. आणि एवढं सांगून सवरून शेवटी बघितलं कुणी, तर अख्ख्या मंडळीनं.

मी घाबरले की मला आधी राग येतो. नवऱ्यानं विचारलं, मी येऊ का सोबत, तर त्यालाच खेकसले. मग आमची जुनी गाडी काढली आणि एकटीच निघाले. करंजीचा घाट चढताना पुढं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या लावलेला, हलायलाच तयार नाही. मी हॉर्नवर हात ठेवून त्या ड्रायव्हरला, बाभळीच्या काट्याला, शुगरला आणि अण्णांना एकामागून एक शिव्या घातल्या. शिव्या संपल्या तेव्हा रडायला आलं. घाटात गाडी चालवताना रडणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, काच पुसावी की डोळे पुसावेत तेच कळत नाही.

घरी पोचले तर अण्णा गोठ्यात. ज्याचा पाय जायची पाळी आलीय तो माणूस गाईच्या मागं उभा राहून शेण ओढतोय. त्या महिन्यात आमच्याकडच्या गाईंना खुरकूत आली होती. तोंडातून लाळ गळायची, खुरांमध्ये जखमा, गाई एकेक पाय उचलून उभ्या राहायच्या आणि दूध निम्म्यावर आलं होतं. भाऊ पुण्याला कंपनीत, भावजय पोराला घेऊन माहेरी गेलेली, म्हणजे सगळं या दोघांवरच. जनावरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली होती आणि रोज दोन वेळा खुरं लाल पाण्यानं धुवायला सांगितली होती.

हे लाल पाणी म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. पूर्ण नावानं त्याला आमच्याकडं कुणी हाक मारत नाही. डॉक्टर पीपी म्हणतात, आई लाल औषध म्हणते, अण्णा नुसतंच दवा. दिसायला काळपट जांभळे खडे, बारीक मोहरीसारखे चमकणारे. चिमूटभर पाण्यात टाकलं की जांभळी दोरी सुटावी तसा रंग खाली उतरत जातो आणि मग सगळी बादली गुलाबी होते. माझं लहानपण या रंगात गेलंय. उन्हाळ्यात आडाचं पाणी तळाला गेलं, वास मारायला लागलं, की अण्णा आडात ते सोडायचे आणि पाणी परत स्वच्छ होईपर्यंत आम्ही हंडे घेऊन चुलत्यांच्या मळ्यात जायचो. घसा धरला की त्याच्या फिकट पाण्यानं गुळण्या, नायटा झाला की त्याचीच पट्टी, धार काढायच्या आधी सड धुवायचे तेही त्यानंच. आणि जिथं लागेल तिथं आधी जांभळा आणि मग तपकिरी डाग. माझ्या शाळेच्या पांढऱ्या ब्लाऊजवर तसा एक डाग होता, आईनं किती घासला तरी गेला नाही.

हे सगळं मला माहीत होतं. गोठ्याच्या कोपऱ्यात जांभळ्या पाण्याची बादली होती ती दिसत होती. अण्णांच्या हाताची नखं तपकिरी झालेली, तीही दिसत होती. तरीपण डोक्यात लख्ख प्रकाश काही पडला नाही. हाताचं काळं ते औषधाचं आणि पायाचं काळं ते शुगरचं, अशी माझी पक्की समजूत. डॉक्टरांनी सांगितलेलं एकच वाक्य डोक्यात घेऊन आले होते, दुसरं काही आत शिरायला जागाच नव्हती.

मी म्हणलं, गाडीत बसा. ते म्हणाले, धारा झाल्यावर बघू. मी म्हणलं, पाय गेल्यावर धारा काढणार का? आईनं त्यांच्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि म्हणाली, धारा मी काढते, तुमी जावा. आईला गाईच्या लाथेची भीती वाटते. तिनं कधी धार काढलेली मला आठवत नाही. ती असं म्हणाली म्हणजे तीसुद्धा आतून हादरली होती, हे अण्णांना कळलं असणार. त्यांनी निमूटपणे हातपाय धुतले, धुतलेलं धोतर नेसलं आणि गाडीत येऊन बसले.

नगरपर्यंत ते बोलणार नाहीत अशीच माझी अटकळ होती. पण घाट उतरत होतो तेव्हा ते एकदम म्हणाले, "एका पायावर उकिडवं बसता येतं का गं?"

मला आधी समजलंच नाही. मग लक्षात आलं. धार काढायला उकिडवं बसावं लागतं, बादली दोन्ही गुडघ्यांत धरावी लागते, आणि गाय हलली तर टुणकन मागं सरावं लागतं. पाय गेला तर चालणं कसं होईल, चर्चला कसं जाणार, हे त्यांच्या मनातच नव्हतं. आपण गाईखाली बसू शकणार की नाही, एवढाच त्यांचा प्रश्न. मी म्हणलं, काहीतरी बोलू नका. मग त्यांनी हळूहळू सांगायला सुरुवात केली. पाय काढला तर काळी गाय विकू नका, ती लाथ मारती पण लई दुधाची हाय. तांबडी हवं तर द्या. तुझ्या आईला गोठ्यात जायला लावू नका. हे सगळं इतक्या शांतपणे, की हा माणूस सकाळपासून याचाच विचार करत असावा. मी रस्त्याकडं बघत होते आणि हूं हूं करत होते.

डॉक्टर दवाखान्याच्या वरच राहतात. रविवारची दुपार असूनही खाली आले. साधारण माझ्याच वयाचे, कमी बोलणारे. अण्णांना टेबलावर झोपवलं, दिवा ओढून पायावर घेतला. मी भिंतीला टेकून उभी होते. त्यांनी पाय बघितला, दाबला, बोटं वेगळी करून बघितली, वाकून वास घेतला. दुसऱ्या पायाला हात लावून दोन्ही तितकेच गरम आहेत का बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी दिसायच्या ऐवजी काहीतरी वेगळंच दिसायला लागलं.

त्यांनी विचारलं, पायाला काय लावलं होतं? अण्णा म्हणाले, काय न्हाई. डॉक्टरांनी त्यांचा हात उलटा करून नखं बघितली आणि परत तोच प्रश्न विचारला. मग अण्णांचं तोंड उघडलं.

गाईंची खुरं धुवून झाली की बादलीत दव्याचं पाणी उरायचं. तसलं गडद, चांगलं पाणी मोरीत ओतून द्यायला त्यांचं मन होईना. म्हणून सकाळ संध्याकाळ शेवटच्या गाईचं झालं की ते बाजेवर बसून त्याच बादलीत स्वतःचा पाय सोडून बसायचे. पाणी गार होतं, बरं वाटायचं. वर त्यांचं म्हणणं असं, की गाईच्या खुराची जखम त्यानं भरती, मग मान्साच्या पायाची का नाही भरायची? आई बघंल म्हणून हे सगळं गोठ्यात, तिच्या चहाच्या वेळेला.

डॉक्टर हसले नाहीत, पण त्यांचे खांदे हलताना मी बघितले. त्यांनी ड्रॉवरमधून व्हिटॅमिन सीची एक गोळी काढली, संत्र्याच्या चवीची असते ना, चघळायची, तीच. ती चुरून थोड्या पाण्यात कालवली, कापसाचा बोळा भिजवला आणि अण्णांच्या टाचेवर फिरवला.

बोळा फिरला तिथलं काळं गेलं. पुसलं गेलं म्हणावं तर तसंही नाही, विरघळून गेलं; या गोळीतल्या आंबटानं दव्याचा डाग उतरतो, डॉक्टर म्हणाले. खालून अण्णांची रोजची टाच वर आली, भेगांची, पण जिवंत माणसाची. मग त्यांनी चवडा पुसला, बोटं पुसली. खोलीत लिमलेटच्या गोळीसारखा वास सुटला. अंगठ्याखालची जखम दिसली तर ती जवळजवळ मिटलेली, कडेला गुलाबी कातडी आलेली.

माझा जीव भांड्यात पडला म्हणजे नेमकं काय झालं ते सांगते. मी तिथंच भिंतीला घसरत खाली बसले. बसल्या बसल्या हसायला लागले, मग रडायला, आणि मग तोंडाचा पट्टा सुटला. गाईच्या बादलीत पाय! खुरांची घाण, लाळ, शेण, सगळं त्या पाण्यात, आणि त्यात शुगरच्या माणसाची उघडी जखम. घाटात माझं काय झालं, आईचं काय झालं, गावभर प्रार्थना काय चालल्यात, आणि हा माणूस गप्प बसून मला तांबडी गाय विकायला सांगतोय. मी म्हणलं, तुम्हाला माहीत होतं ना हे दव्याचं काळं आहे, मग बोलला का नाही? ते खाली बघत म्हणाले, आदी वाटलं दव्याचंच हाय. पन त्यो कुबडीवाला तसं बोलल्यावर मलाबी भ्या वाटलं. वरचं दव्याचं असंल, आतनं काय झालंय कुनाला म्हाईत.

मग माझा राग गेला. तेही घाबरले होते तर.

डॉक्टरांनी मात्र त्यांची बिनपाण्याची केली. हे औषध चांगलंच आहे, पण माणसाच्या पायाला लावायचं तर फिकट गुलाबी, आणि तेही कुणी सांगितलं तर. तुम्ही वापरलं तसलं गडद असलं तर कातडी भाजते. जखम भरली ती गोळ्यांनी, बादलीनं नाही. नशीब तुमचं. अण्णांनी मान हलवली. मी पर्स उचलली, आता निघायचं म्हणून.

डॉक्टर म्हणाले, थांबा, एक बघून घेऊ. त्यांनी अण्णांना डोळे मिटायला सांगितले आणि बारीक टोकाची एक सुई तळपायाला लावली. लागतंय का, म्हणून विचारलं. अण्णा म्हणाले, न्हाई. अंगठ्याजवळ लावली. न्हाई. टाचेला लावली. न्हाई.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. मघाशी काळ्या पायाकडं बघतानासुद्धा तो असा झाला नव्हता. त्यांनी मला जवळ बोलावून हळू आवाजात समजावलं. काळा रंग पुसता येतो. पण पायातली जाणीव गेली असेल तर पुढचा काटा मोडलेला यांना कळणारच नाही, खिळा घुसला तरी हे चालत राहतील, आणि पाय जातात ते असेच जातात. म्हणजे आपण एवढा वेळ हसलो ते फुकटच?

ते परत टेबलाकडं गेले, सुई परत लावली, आणि या वेळी मी अण्णांच्या पायाकडं न बघता तोंडाकडं बघितलं. डोळे मिटलेले. जबडा घट्ट आवळलेला. सुई टोचली तशी खाली अंथरलेली चादर त्यांच्या मुठीत गोळा झाली. आणि तोंडानं म्हणाले, न्हाई.

तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. या माणसाला मी ओळखते. बैलानं शिंग मारलं तेव्हा लागलं नव्हतं, दाढ उपटली तेव्हा दुखलं नव्हतं, काटा कोरून काढला तेव्हाही काही झालं नव्हतं. याला कधी काही होतच नाही. मी टेबलापाशी गेले, त्यांची मूठ धरली आणि दवाखान्यात बोलू नये एवढ्या मोठ्यानं म्हणलं, "अण्णा, खरं सांगा. दुखतंय का नाही?"

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं, डॉक्टरांकडं बघितलं. मग बारीक आवाजात विचारलं, "दुखतंय म्हनलं तर ठिवून घ्याल का?"

डॉक्टर म्हणाले, "दुखतंय म्हणालात तर घरी सोडीन."

"मंग दुखतंय," अण्णा म्हणाले. "लई दुखतंय. पयल्यापासनं दुखतंय."

डॉक्टरांनी मग सगळा पाय नव्यानं तपासला. टाचेला, चवड्याला, एकेका बोटाला सुई लावली, आणि अण्णा जवळजवळ प्रत्येक वेळी हाय हाय करत होते. एकदा तर त्यांनी पाय मागंच ओढून घेतला आणि डॉक्टरांवर डाफरले. असं सुंदर बोलणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. एक बोट थोडं बधिर होतं, बाकी सगळा पाय जागा होता. डॉक्टर माझ्याशी न बोलता अण्णांशीच बोलले. म्हणाले, दुखणं तुमच्या पायाचा राखणदार आहे. ते लपवलंत तर एक दिवस खरोखर पाय काढावा लागेल. यापुढं कुठंही दुखलं की लेकीला सांगायचं. अण्णांनी विचारलं, बारीकसारीक असलं तरी? डॉक्टर म्हणाले, बारीकसारीक आधी.

परतीच्या वाटेवर घाट चढायच्या आतच त्यांनी सुरुवात केली. उजवा गुडघा दुखतो, पाऊस यायच्या आदी जास्ती. खांद्यात कळ येते, चाऱ्याचा भारा उचलला की. एक दाढ हलतीय, त्या बाजूनं भाकरी खाता येत नाही. कंबर तर विचारूच नको. किती वर्षांपासून विचारलं तर आठवत नाही म्हणाले. मी गाडी चालवत ऐकत होते. एवढी दुखणी घेऊन हा माणूस रोज पहाटे गोठ्यात जाऊन बसत होता आणि आम्हाला वाटायचं, अण्णांची तब्येत म्हणजे दगड.

घरी आईनं धारा काढल्या होत्या. काळ्या गाईनं तिला बादलीसकट पाडलं होतं, तरी ती हसतच दारात उभी होती, कारण मी दवाखान्यातूनच फोन केला होता. पाय बघितला, मग बादलीची गोष्ट ऐकली आणि तिनं अण्णांना जे काही ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पुढच्या रविवारी चर्चमध्ये उपकारस्तुती झाली. अण्णांनी उभं राहून पाय वर करून सगळ्यांना दाखवला, असं आईनं सांगितलं.

आता त्यांचा मला जवळजवळ रोज फोन येतो. आधी पावसाचं, गाईंचं, डेअरीच्या भावाचं बोलतात. मग जरा थांबतात. अजून अवघड जातं त्यांना. काल फोन आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, नवरीचं ब्लाऊज, घाईचं काम. अण्णा म्हणाले, "आज दुखतंय गं जरा."

मी गिऱ्हाइकाला बसायला सांगितलं, मशीन बंद केलं आणि म्हणलं, "सांगा. कुठं?"